अटकेची नोंद कुठे सापडते? बीड जिल्ह्यातले समज आणि वस्तुस्थिती

पोलीस घरातून माणूस घेऊन गेले की बीड जिल्ह्यात घरच्यांची पहिली धाव पुढाऱ्याकडे असते, नाहीतर ठाण्यात ओळख असलेल्या एखाद्याकडे. कुणाला अटक झाली ही पोलिसांची आतली बाब आहे आणि ती कळायला ओळखच लागते, असा समज त्यामागे असतो. हा समज सगळ्यात जुना आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केले आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून पश्चिम बंगालमधल्या दिलीप बसूंनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राची याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटक झाल्यापासून १२ तासांच्या आत ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायची आणि तिथल्या फलकावर लावायची, हा त्यातलाच एक नियम. पुढे तो कायद्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ सांगते की प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात या कामासाठी एक अधिकारी नेमलेला हवा. अटक झालेल्याचे नाव, पत्ता आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, लावायला हवे. कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला किंवा मित्राला अटक कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम ३६ प्रमाणे अटकेचा मेमो तयार करून त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. म्हणून ठाणे अंमलदाराला ‘आमचा माणूस इथे आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका. अटक दाखवली का, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) काय, मेमोवर सही कुणाची, कोर्टात कधी हजर करणार, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर हेच प्रश्न पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला विचारता येतात.

‘अटक नाही, फक्त चौकशीला आणलंय’ या उत्तरावर बरेच लोक गप्प बसतात. पण माणूस स्वतःच्या मर्जीने उठून घरी जाऊ शकत नसेल तर त्याचे स्वातंत्र्य गेलेले आहे, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. त्यामुळे कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोण घेऊन गेले हे घरच्यांनी तेव्हाच लिहून ठेवावे. पुढे सगळा वाद त्या वेळेवरच होतो.

आता तरुण पिढीचा समज. मोबाइलवर नाव टाकले की माणसाचा सगळा ‘रेकॉर्ड’ निघतो, असे त्यांना वाटते. अमेरिकेतल्या अनेक काउंट्यांमध्ये अटक झालेल्यांची यादी फोटोसकट झळकते, तेच चित्र डोक्यात असते. आपल्याकडे नावावरून शोध हा सगळ्यात कच्चा रस्ता आहे, कारण एकाच आडनावाची आणि एकाच नावाची माणसे एका तालुक्यात कितीतरी सापडतात. नोंद पक्की सापडते ती ठाणे, वर्ष आणि गु.र.नं. यांवरून. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, अडचण असेल तिथे ७२ तासांपर्यंत सवलत दिली. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहता येतात. अटक आरोपींचा विभागही तिथे आहे. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे एफआयआर मात्र टाकले जात नाहीत, आणि अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. पोर्टलवर काही दिसले नाही म्हणजे काही घडलेच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

ठाणे निवडतानाच बरेच जण चुकतात, कारण तालुका म्हणजे ठाणे असे ते धरून चालतात. गेवराई तालुक्यात गेवराईशिवाय तलवाडा आणि चकलांबा ही ठाणी आहेत, केज तालुक्यात केजबरोबर युसूफवडगाव आहे. गाव कोणत्या हद्दीत येते ते पोलीस पाटलाला नक्की माहीत असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची अडचण याहून मोठी. उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशावरून फसवणुकीचा गुन्हा सांगली किंवा कोल्हापूरकडच्या ठाण्यात दाखल होतो, तिथले पोलीस येऊन मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाला घेऊन जातात आणि घरचे गावच्या ठाण्यात चकरा मारत राहतात. गुन्ह्याचे कागद तर गुन्हा नोंदलेल्या ठाण्यात असतात. वॉरंटावर दुसऱ्या जिल्ह्यात अटक झाली असेल, तर सुरक्षा संहितेच्या कलम ८२ प्रमाणे ती माहिती आणि माणूस कुठे ठेवला आहे हे, तो राहतो त्या जिल्ह्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्यालाही लगेच कळवावे लागते. म्हणजे बीडच्या नियंत्रण कक्षात विचारायचा पूर्ण हक्क घरच्यांना आहे. ही तरतूद नवी आहे आणि बीडइतकी ती फार थोड्या जिल्ह्यांच्या कामाची असेल.

एफआयआरमध्ये नाव आले म्हणजे अटक झाली, हाही समज खोटा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. अशा वेळी बहुधा सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. उलट बाजूने, एफआयआर ‘अज्ञात’ इसमावर असतो आणि अटक नंतर होते. ती अटक मूळ एफआयआरमध्ये कधीच चढत नाही.

अटक नेमकी कोणत्या गुन्ह्यात झाली हेही पाहावे लागते. याचे सगळ्यांना आठवणारे उदाहरण मस्साजोगचे. सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा गुन्हा वेगळा, अपहरण-खुनाचा वेगळा. ३१ डिसेंबरला पुण्यात सीआयडीसमोर शरण आलेल्या आरोपीची अटक खंडणीच्या गुन्ह्यात होती. खुनाचा गुन्हा आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) त्याच्यावर लागला तो जानेवारीच्या मध्यावर. ‘अटक तर झाली, मग खुनात नाव का नाही?’ असे तेव्हा लोक चिडून विचारत होते. राग समजण्यासारखा होता. पण नोंद शोधणाऱ्याने लक्षात ठेवावे की अटक एका गु.र.नं.मध्ये दाखवली जाते आणि त्याच माणसाला पुढे दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग करून घेता येते. एकच क्रमांक पाहून शोध थांबवला तर अर्धेच कळते.

त्याच प्रकरणात मार्च २०२५ च्या सुरुवातीला आरोपपत्रातली छायाचित्रे घराघरातल्या मोबाइलवर फिरली. आरोपपत्र कुणालाही मिळते, असे त्यानंतर अनेकांना वाटू लागले. तसे नाही. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि ते संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले आहे. ते आरोपीला आणि पीडिताच्या बाजूला मिळते. फिर्यादीला किंवा पीडिताला तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

सगळ्यांना खुला असा भक्कम स्रोत म्हणजे ई-कोर्ट्स हे न्यायालयांचे संकेतस्थळ. तिथे महाराष्ट्र, मग बीड जिल्हा, मग बीड, अंबाजोगाई, माजलगाव अशांपैकी आपले न्यायालय संकुल निवडायचे आणि एफआयआर क्रमांकाचा पर्याय घेऊन ठाणे व वर्ष भरायचे. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीच्या (पीसीआर-एमसीआर) टप्प्यावर तिथे बऱ्याचदा काही दिसत नाही, म्हणून जामीन अर्ज शोधावा. त्यावरचा आदेश अपलोड झालेला असेल तर कलमे आणि अनेकदा अटकेची तारीखही त्यात मिळते. निकालाचा रकाना वाचल्याशिवाय मात्र कुणाबद्दल काही बोलू नये. अटकेची बातमी जिल्हाभर होते, निर्दोष सुटल्याची कुणी छापत नाही, आणि सोयरीक मोडते ती पहिल्या बातमीवर.

प्रतिबंधात्मक कारवाईत तर ई-कोर्ट्सवर काहीच सापडत नाही. निवडणूक, मोर्चा किंवा सणाच्या आधी चॅप्टर केस होते, तेव्हा एफआयआर नसतो. ते कागद कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रामीण भागात बहुधा तहसील कार्यालयात असतात. या कारवाईला लोक ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणतात, ते चुकीचे आहे.

राहिला चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो माणसाला स्वतःचाच मिळतो, होणाऱ्या जावयाचा किंवा भावकीतल्या वैऱ्याचा मागता येत नाही. माहिती अधिकारातही तपासाला अडथळा आणणारी किंवा निव्वळ खासगी माहिती नाकारता येते. मात्र माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. अर्जाची फी १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. कोणत्या तारखेला, कोणत्या ठाण्यात, कोणत्या गुन्ह्यात अटक दाखवली आणि फलकावर ती कधी लावली, एवढेच विचारले तर नाकारणे अवघड जाते.

वकील परवडत नाही म्हणून शोधच सोडून देणारी घरे मी पाहिली आहेत. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही तरतूद १९८७ च्या कायद्यातच आहे. बीडच्या जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती यासाठीचा अर्ज घेतात. देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे.