मिक्सर कर्जतचा, कर कुणाचा?

ऑनलाइन मागवलेला मिक्सर कर्जतच्या घरी आला की खोका फोडायच्या घाईत सोबतचं बिल कुणी वाचत नाही. ते वाचावं. विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २७ असतील तर त्याची नोंदणी महाराष्ट्रातली, २९ असतील तर कर्नाटकातली, ०६ असतील तर हरियाणातली. मिक्सरची मूळ किंमत २,००० रुपये धरू. त्यावर १८ टक्क्यांनी ३६० रुपये कर. माल भिवंडीच्या गोदामातून आला, तर बिलावर दोन ओळी दिसतात: १८० केंद्राचे, १८० राज्याचे. बंगळूरच्या विक्रेत्याने तिथून पाठवला, तर एकच ओळ: आयजीएसटी ३६०.

आणि इथेच थक्क व्हायला होतं. बंगळूरच्या विक्रेत्याने भरलेले ते ३६० रुपये आधी केंद्राकडे जातात आणि हिशेब होऊन त्यातले १८० महाराष्ट्राच्या तिजोरीत येतात. कर्नाटकाला त्यातलं काही नाही! माल जिथे पोचतो तिथल्या राज्याचा कर, हे जीएसटीचं सूत्र. पत्त्यात ४१०२०१ हा पिनकोड लिहिला की पैशाची दिशा ठरली. १ जुलै २०१७ पूर्वी नेमकं उलटं होतं. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याप्रमाणे परराज्यातून थेट ग्राहकाला विकलेल्या वस्तूचा कर विकणाऱ्या राज्याकडेच राहायचा. मिक्सर तोच, स्वयंपाकघर तेच, पण कराचे पैसे कर्नाटकाचे.

केंद्राचे १८० तरी दिल्लीत थांबतात का? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. त्यात बिहारचा हिस्सा १०.०५८ टक्के, महाराष्ट्राचा ६.३१७. ढोबळ गणित मांडलं, तर कर्जतच्या एका मिक्सरमागे बिहारला सुमारे ७ रुपये ४२ पैसे आणि महाराष्ट्राला ४ रुपये ६६ पैसे. मला हे फार विलक्षण वाटतं, आणि न्याय्यही.

मग कर्जत नगरपरिषदेला काय? या ३६० मधून थेट एक पैसाही नाही.

उलट, अमेरिकेत अनेक शहरांचा स्वतःचा विक्रीकर असतो. विक्रेत्याचं राज्यात दुकान वा गोदाम नसेल, तर त्याला कर गोळा करायची सक्ती करता येत नसे. म्हणून ऑनलाइन खरेदी वाढली तशी शहरांची तिजोरी थेट गळू लागली. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली. आपल्या गावांकडे असा कर होता तो जकातीच्या रूपात. हद्दीत वापरायला किंवा विकायला आलेल्या मालावर ती लागायची. जकात असती तर कुरिअरच्या टेम्पोलाही नाक्यावर थांबावं लागलं असतं. पण राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ सालीच उठली आणि तिच्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान सुरू झालं. गावात पार्सलं किती उतरली, याच्याशी त्या अनुदानाचा संबंध नाही. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पार्सलांची वाहनं धावतात ते गल्लीबोळ नगरपरिषदेनेच बांधलेले, खोक्यांचा पुठ्ठा आणि थर्माकोल उचलते ती घंटागाडीही तिचीच.

म्हणजे कर्जत-खोपोलीच्या बाजारपेठेतली गिऱ्हाइकं मोबाइलवर वळली, तर नगरपरिषदेला झळ लागतच नाही का? लागते, पण फार सावकाश, घरपट्टीच्या वाटेने. गाळ्यावरचा कर त्याला किती भाडं मिळू शकेल यावर बसतो. धंदा बसला की भाडी उतरतात, आणि ते उतरलेलं भाडं नगरपरिषदेच्या वहीत पोचतं चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत.

खालापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचं चित्र वेगळं. तिथे एक्स्प्रेस-वेच्या आसपास गोदामं उभी राहिली. गोदाम ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिला त्या इमारतीचा कर मिळतो. आतला माल नागपूरला गेला काय, बंगळूरला गेला काय, ग्रामपंचायतीच्या पावतीवरची रक्कम तीच राहते.