बेडीचे वळ : ‘एवढे तर चालायचेच’ म्हणू नका!

मुलगा दोन रात्री पोलीस ठाण्यात काढून घरी येतो. आई काही न विचारता आधी ताट वाढते. तो भाकरीला हात घालतो आणि आईची नजर त्याच्या मनगटावर जाते. मनगटाभोवती काळानिळा पट्टा उठलेला असतो. तो बाही खाली ओढतो, म्हणतो, “काही नाही गं, बेडीचं आहे.” बाप म्हणतो, “बेडी घातल्यावर वळ उठायचेच. जेव गुपचूप.” विषय तिथेच मिटतो. आठ-दहा दिवसांत वळही मिटतो.

साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत आपल्या वस्त्यांमधून हे असेच चालत आले आहे. हमाली करणारा असो, कारखान्यात पाळीवर जाणारा असो की कॉलेजात शिकणारा असो, ठाण्याचे नाव निघाले की आपली माणसे आवाज खाली आणतात. सुटून आला हेच खूप, असे म्हणतात. म्हणून आम्ही आज एक साधाच प्रश्न घेतला आहे. बेडीने वळ उठणे, हात सुजणे हे खरोखर ‘चालायचेच’ आहे काय?

मनगट काय सांगते?

बेडी लोखंडाची आणि मनगटावर मांस थोडे. त्यामुळे थोडा वेळ बेडी घातली तरी कातडीवर तिची खूण उमटू शकते. अशी खूण हलकी असते, दाबल्यावर फारशी दुखत नाही आणि बेडी काढल्यावर काही तासांत निघून जाते. एवढ्यावरून कोणी मारले असे म्हणता येत नाही. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण मनगट सुजले, कातडी सोलली, रक्त साकळून काळेनिळे झाले, तर बेडी फार आवळलेली होती, फार वेळ होती किंवा बेडीला धरून माणसाला ओढले होते, असा संशय घ्यायला जागा आहे. स्वतः माणसाने झटापट केली तरी असे होऊ शकते. नेमके काय झाले ते डॉक्टरने तपासायचे असते. बेडीला आणखी एक कुलूप असते. ते लावले की कडी आहे तिथेच थांबते. ते लावले नाही, तर हात हलेल तशी कडी आवळत जाते. म्हणजे हात सुजणे पुष्कळदा टाळता येण्यासारखे असते.

अंगठ्याच्या बाजूने हाताच्या पाठीवर जाणारी एक नस मनगटापाशी अगदी कातडीखाली असते. बेडीने ती दबली की अंगठ्यामागचा भाग बधिर होतो, मुंग्या येतात, जळजळ होते. हा बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो. ज्याचे पोट हातावर आहे त्याला ही लहान गोष्ट नाही. बोटे पांढरी किंवा निळी पडली, गार लागली, हलेनाशी झाली, तर घरगुती लेप लावत न बसता सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. म्हणून नुसते पाहू नये. हलक्या हाताने दाबून कुठे दुखते, कुठे गरम लागते, कुठे सूज आहे, हे विचारावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बेडी मनगटाला असते. पाठीवरचे लांब वळ, मांड्यांवरचे डाग, सुजलेले तळपाय हे बेडीने होत नाहीत. मुलगा लाजेने किंवा भीतीने “बेडीचंच आहे” म्हणत असेल, तर आईबापांनी त्याला सदरा काढायला लावून पाहावे.

कायदा काय म्हणतो?

अटक झाली की बेडी पडणारच, अशी आपली समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. तिहार तुरुंगातल्या प्रेमशंकर शुक्ला या कैद्याने बेडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे तार पाठवली. त्या तारेवरून १९८० साली निकाल झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बेडी हा नेहमीचा रिवाज असू शकत नाही, असे ठरवले. कैदी पळण्याचा खरा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच बेडी, आणि तिचे कारण लिहून ठेवायचे. त्या वेळी पंजाबच्या पोलीस नियमांत ‘वरच्या वर्गाचा’ कैदी आणि ‘साधा’ कैदी असा भेद होता. वरच्याला सवलत आणि साध्याला बेडी. समतेच्या कलमाला धरून न्यायालयाने तो भेद मोडीत काढला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘साधे’ म्हणूनही कोणी मोजले नाही, त्या आपण हा निकाल ध्यानात ठेवायलाच हवा.

सांगलीच्या शेजारच्या सोलापूरचेही एक प्रकरण आहे. रविकांत पाटील या कच्च्या कैद्याला बेडी घालून रस्त्यातून नेले. मुंबई उच्च न्यायालयाने १० हजार रुपये भरपाई ठरवली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, मात्र ती अधिकाऱ्याने नव्हे तर सरकारने द्यावी असे सांगितले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४३ मध्ये अटकेच्या वेळी आणि न्यायालयात नेताना बेडी घालण्याची मुभा आता स्पष्ट शब्दांत दिली आहे. पण ती सरसकट नाही. वारंवार गुन्हे करणारा, कोठडीतून पळालेला, तसेच खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, अमली पदार्थ, दहशतवाद अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांतला आरोपी, यांच्यापुरती ती आहे, आणि तीही गुन्ह्याचे स्वरूप पाहून. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडू नये, हे कलम ४६ मध्ये कायम आहे. मोर्चात घोषणा दिल्या किंवा गल्लीत भांडण झाले म्हणून पोराला बेडी घालून वस्तीतून फिरवणे या कायद्यातही बसत नाही.

बाबासाहेबांनी ठेवलेले दार

अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे (प्रवासाचा वेळ सोडून), अटकेचे कारण सांगायचे, वकील भेटू द्यायचा. हे संविधानाचे कलम २२. ते घटना समितीत सप्टेंबर १९४९ मध्ये खुद्द बाबासाहेबांनी मांडले. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले आणि ज्याला वर्गात वेगळे बसावे लागले, त्यानेच पुढे ठाण्यात बसवलेल्या प्रत्येकासाठी हे दार उघडे ठेवले. त्या दारातून जाऊन बोलायचे मात्र आपल्याला आहे.

१९८३ साली शीला बारसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासाठी स्पष्ट सांगितले, की आरोपी पुढे आला की न्यायदंडाधिकाऱ्याने ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ हे विचारायचे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क समजावून द्यायचा. या प्रश्नाला आपली मुले पोलीस शेजारी उभा असतो म्हणून ‘नाही’ म्हणतात. तो ‘नाही’ कागदावर जातो.

परभणीत काय झाले ते आठवावे. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. शवविच्छेदनात मात्र अंगावर अनेक जखमा नोंदल्या गेल्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. तोंडचा ‘नाही’ एका बाजूला आणि डॉक्टरचा कागद दुसऱ्या बाजूला. शेवटी बोलला तो कागद.

सांगलीकरांना तर २०१७ चा नोव्हेंबर विसरता येणार नाही. सांगली शहर पोलीस ठाण्यात नेलेला अनिकेत कोथळे पळून गेला, असे घरच्यांना सांगण्यात आले. घरच्यांनी ते मानले नाही. कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, असे तपासात पुढे आले. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. घरचे ‘असेल बाबा’ म्हणून परत गेले असते, तर काय झाले असते याचा विचार करावा.

वळ जातो, कागद राहतो

म्हणून घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः माता-भगिनींनी, पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक : अटकेच्या वेळी अंगावर असलेल्या लहानमोठ्या जखमांची नोंद करून मागावी. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने हा हक्क दिला आहे. त्यावर पोलीस आणि अटक झालेला, दोघांच्याही सह्या हव्यात.

दोन : अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरची तपासणी कलम ५३ प्रमाणे व्हायलाच हवी. जखमा आणि त्या साधारण कधी झाल्या, हे डॉक्टरने लिहायचे असते. त्या कागदाची प्रत मिळते. ती मागून घ्यावी. स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी.

तीन : न्यायदंडाधिकाऱ्याने विचारले तर न घाबरता हात पुढे करून वळ दाखवावा. विचारले नाही तर आपण होऊन सांगावे.

चार : वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी सातारा आणि सांगली येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

पाच : सुटून आला असेल तर त्याच दिवशी उजेडात फोटो काढावेत, दोन्ही हातांचे, जवळून आणि लांबून. तारीख लिहावी. दवाखान्यात केसपेपर काढून ‘बेडीने झाले’ किंवा ‘मारहाणीने झाले’ हे डॉक्टरला सांगावे. वळाचा रंग रोज बदलतो, उद्यावर ढकलू नये.

सहा : मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत.

आपलीही मुले पोलीस खात्यात आहेत, त्यांच्या वर्दीचा आपल्याला अभिमान आहे. कायद्याने वागणाऱ्या पोलिसाला या कागदांची भीती वाटायचे कारण नाही, उलट खोट्या आरोपातून हेच कागद त्याला वाचवतात. कोणाही जिवाला दुखवू नये, हे पहिले शील आपण दर रविवारी विहारात घेतो. ते कोठडीतल्या जिवालाही लागू आहे, मग त्याच्यावर गुन्हा कोणताही असो.

येत्या रविवारी वंदनेनंतर हा लेख विहारात वाचून दाखवावा. आणि पुढच्या वेळी कोणाच्या घरी पोरगा ठाण्यातून परत येईल, तेव्हा बापाने ‘जेव गुपचूप’ म्हणू नये. पोटभर जेवू घालावे. मग म्हणावे, “बाळा, हात दाखव.”

जयभीम!