पाच डॉलरचं दार

'वेटिंग रूम' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, टेप अडकली. मित्रानं कॉपी करून दिलेली कॅसेट होती, वर बॉलपेननं नुसतं 'फुगाझी' लिहिलेलं. बास गिटारची ती गोल फिरणारी चाल सुरू झाली, गिटार आणि ड्रम येऊन मिळाले, आता गाणं उसळणार म्हणून मी सरसावून बसलो, आणि सगळं एकदम बंद. दोन-चार सेकंद चिडीचूप. बटणाकडे हात जातोय तोवर गाणं पुन्हा अंगावर आलं. ती शांतता गाण्यातच होती! इतक्या जोशात असताना असं थांबू शकणारी ही माणसं कोण, हे शोधायला मी त्या दिवसापासून लागलो, आणि अजून तो शोध संपलेला नाही.

फुगाझी हा अमेरिकेच्या राजधानीतला, वॉशिंग्टन डीसीतला, चौघांचा पंक बँड. इयन मकाय आणि गी पिचिओटो हे दोघं गिटार वाजवायचे आणि गायचे, जो लॅलीकडे बास आणि ब्रेंडन कँटीकडे ड्रम. 3 सप्टेंबर 1987 रोजी शहरातल्या विल्सन सेंटरमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पिचिओटो तेव्हा बँडमध्ये नव्हता. तो थोड्या दिवसांनी आला आणि सुरुवातीला नुसता गायचा. मकायनं त्याआधी, 1980 साली, मित्रांच्या सोबतीनं 'डिसकॉर्ड' ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे काय, तर शाळकरी वयाची पोरं घरात बसून रेकॉर्डची कव्हरं कात्रीनं कापताहेत, घड्या घालून चिकटवताहेत. त्यासाठी त्यांनी आधी एक तयार कव्हर सोडवून त्याचा आकार बघून घेतला होता. डिसकॉर्डनं बँडांशी कधी लेखी करार केले नाहीत. खर्च वजा जाता उरेल ते वाटून घ्यायचं, असा तोंडी व्यवहार. फुगाझीचे सगळे अल्बम इथूनच निघाले, आणि एलपीच्या कव्हरवर टपालखर्चासकट किंमत छापलेली असायची, म्हणजे मधल्या कुणी ती वाढवली तर गिऱ्हाइकाला कळावं.

या बँडबद्दल कुणीही बोलायला लागलं की पाच डॉलरची गोष्ट निघतेच. तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या आसपास आणि सगळ्या वयांच्या लोकांना प्रवेश, या त्यांच्या दोन अटी. दुसरी अट समजून घ्यायला हवी. तिथे दारू पिण्याचं कायदेशीर वय 21, आणि बरेचसे रॉक क्लब चालायचे ते दारूच्या विक्रीवर. त्यामुळे ज्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी हे संगीत होतं, त्यांनाच दाराबाहेर ठेवलं जाई. म्हणून फुगाझी चर्चच्या तळघरात, शाळा-कॉलेजच्या जिममध्ये, सभागृहांत वाजवायचे. पण हे परवडायचं कसं? पाच डॉलर आधी ठरलेले, बाकीचं सगळं त्यात बसवलेलं. मॅनेजर नाही. कार्यक्रम ठरवायचे फोन मकाय स्वतः करायचा. व्हॅनमधून फिरायचं, सामान आपणच चढवायचं-उतरवायचं, रात्री कुणाच्या तरी घरी अंग टाकायचं. टी-शर्टसुद्धा विकायचा नाही. खुद्द डीसीत वाजवायचं ते बहुधा मोफत, नाहीतर एखाद्या सामाजिक कामाच्या मदतीसाठी. आखाती युद्ध तोंडावर आलं होतं तेव्हा, 12 जानेवारी 1991 ला, ते व्हाइट हाउससमोरच्या लाफाएत पार्कमध्ये ऐन थंडीत उघड्यावर वाजवायला उभे राहिले.

स्वस्त तिकिटाकडे पुष्कळ लोक तत्त्वनिष्ठेची खूण म्हणून बघतात, आणि संगीताचं कौतुक वेगळं करतात. मला हे पटत नाही. त्या दारातून जी माणसं आत आली, त्यांच्यामुळेच ते संगीत तसं घडलं. आणि हे मी कानांनी ऐकून सांगतो आहे. मी फुगाझीला एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. नोव्हेंबर 2002 मधल्या लंडनच्या कार्यक्रमांनंतर ते पुन्हा मंचावर आले नाहीत. पण त्यांचे ध्वनिसंयोजक जवळजवळ पहिल्यापासून कार्यक्रम टेप करत होते, आधी कॅसेटवर, पुढे डिजिटल टेपवर. हजारावर कार्यक्रमांपैकी आठशेहून जास्त असे जपले गेले. डिसेंबर 2011 पासून डिसकॉर्डनं ते टप्प्याटप्प्यानं खुले केले. सुचवलेली किंमत, अर्थातच, पाच डॉलर.

माझ्या गेल्या काही वर्षांच्या रात्री या ध्वनिमुद्रणांनी घेतल्या आहेत. मंचावर जाताना त्यांच्याजवळ गाण्यांची ठरलेली यादी नसे. एखादं गाणं संपता संपता कुणीतरी पुढच्याचा दोन-तीन सुरांचा इशारा द्यायचा, बाकीचे तो उचलायचे. आपल्याकडे मैफलीत वाढलेल्या कानाला यात परकं काही वाटणार नाही. बंदिश तीच, पण ती आज कुठून उघडेल आणि कुठे रेंगाळेल ते बसल्या जागी ठरतं. 'वेटिंग रूम'मधली ती शांतता रात्रीगणिक ऐकावी! कॅसेटवर जिथे काहीच नव्हतं, तिथे आता शेकडो पोरं ओरडताहेत, कुणी शिट्टी मारतंय, कुणी अंदाज चुकून आधीच सुरू झालंय. ती रिकामी जागा लोकांनी भरायचीच होती, हे मला त्यानंतर समजलं.

गाण्यांच्या मधल्या जागाही मी पुढे ढकलत नाही. तारा लावल्या जात असतात आणि मकाय माइकवरून समजावत असतो, मागे सरका, पुढच्यांना चेंगरू नका. पंक कार्यक्रमांत धक्काबुक्की आणि लोकांच्या डोक्यावर उड्या घेणं नित्याचं होतं, त्यात लहान चणीच्या पोरांना, मुलींना मागे हटावं लागे. फुगाझी गाणं अर्ध्यात थांबवायचे. एखादा ऐकेचना, तर त्याच्या हातात पाच डॉलर परत ठेवून त्याला बाहेर काढायचे, आणि असे पैसे भरलेली पाकिटं तयार ठेवलेली असत. मला हे फार मोठं वाटतं. जेम कोहेननं दहा-अकरा वर्षांच्या चित्रणातून 'इन्स्ट्रुमेंट' हा त्यांच्यावरचा चित्रपट केला, 1999 साली. त्यात कार्यक्रमाला आलेल्या पोरापोरींचे चेहरे येतात, नुसते कॅमेऱ्याकडे बघत उभे, कुणी लाजून, कुणी टक लावून. वाजवणाऱ्यांइतकेच ते माझ्या लक्षात राहिले आहेत.

मग अल्बमांचं काय? नव्यानं ऐकणाऱ्याला मी 'रिपीटर' (1990) देतो. दोन गिटारींचे सवाल-जवाब ज्याला ऐकायचेत, त्यानं तिथून सुरुवात करावी. 'इन ऑन द किल टेकर' (1993) त्यांनी आधी शिकागोला ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे ध्वनिमुद्रित केला, पण तो मनासारखा उतरला नाही म्हणून बाजूला ठेवला आणि घराजवळच्या, आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत पुन्हा केला. 'रेड मेडिसिन' (1995) बऱ्याच चाहत्यांचा लाडका आहे, मला तो तुकड्यातुकड्यांनी आवडतो. माझ्या मते त्यांचं सर्वांत परिपक्व काम म्हणजे शेवटचा 'द आर्ग्युमेंट' (2001). त्यात चेलो आहे, बायकांचे आवाज आहेत, आणि ओरडण्याइतकंच दबक्या आवाजात बोलणंही आहे. तरी त्यातली गाणी त्याच सुमाराच्या कार्यक्रमांत ऐकली की स्टुडिओतला अवतार कच्चा आराखडा वाटायला लागतो, आणि मी अल्बमकडे परत जातो तो पाठांतर तपासून घ्यायला जावं तसा.

डिसकॉर्डनं खुल्या केलेल्या त्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात प्रत्येक कार्यक्रमाची नोंद असते. तारीख, गाव, सभागृहाचं नाव, टेप कुणी केलं, आवाजाची प्रत कशी आहे. आवाजाची प्रत वाईट असेल तर तसं सरळ लिहिलेलं असतं. कुणी जपून ठेवलेलं हस्तपत्रक किंवा फोटो पाठवला असेल तर तोही तिथे असतो. मी आधी दोनच रकाने बघतो, दारावर तिकीट किती होतं आणि किती माणसं आली होती. मग दिवा मालवतो आणि पहिलं गाणं कुठलं निघतंय त्याची वाट बघतो.