विनोदी कादंबरीचा चित्रपट करणं अवघड का?

डग्लस ॲडम्स या ब्रिटिश लेखकाची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही कादंबरी १९७९ साली आली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हॉलीवूडचा तिच्यावर डोळा होता, पण चित्रपट पडद्यावर यायला २००५ उजाडलं. ॲडम्स २००१ सालीच, वयाच्या ४९व्या वर्षी गेले होते. एवढ्या विलंबाला स्टुडिओंची चालढकल जबाबदार होतीच, पण खरी मेख कादंबरीच्या घडणीतच आहे.

गंमत प्रसंगात नव्हे, वाक्यात

पृथ्वी पाडायला आलेली व्होगॉन या परग्रहवासीयांची यानं आभाळात कशी लटकली होती, हे सांगताना ॲडम्स विटांची उपमा देतात. जे विटांना कधीच जमत नाही, ते यानं करत होती, असा त्या वाक्याचा मासला. कॅमेरा यानं झकास दाखवतो. वाक्यातला नकार दाखवणं त्याच्या हाती नसतं.

निवेदकाचं काय करायचं?

ही कथा मुळात १९७८ची बीबीसी रेडिओमालिका. त्यामुळे ‘गाइड’ या कथेतल्या पुस्तकाचा आवाज हेच तिचं मुख्य पात्र. चित्रपटात हा आवाज स्टीफन फ्राय यांनी दिला आणि माहितीचे तुकडे साध्या, चटपटीत ॲनिमेशनमधून दाखवले. युक्ती चांगली जमली; मात्र निवेदक बोलू लागला की गोष्ट थांबते, म्हणून त्याला मोजकाच वेळ मिळतो.

कथानकाचा कणा

कादंबरी एका आडवळणावरून दुसऱ्यावर जाते आणि वाचकाला घाई नसते. दोन तासांच्या चित्रपटाला मात्र नायकाचं काहीतरी पणाला लागलेलं हवं असतं. म्हणून नायक आर्थर आणि त्याची सहप्रवासी ट्रिलियन यांच्यातली ओढ वाढवली गेली. त्याने गोष्टीला दिशा आली, पण कादंबरीचा तिरकस अलिप्तपणा थोडा पातळ झाला.

कात्री कुठे लावायची?

आर्थरचं घर बायपाससाठी पाडायचं असतं. नकाशे नियमाप्रमाणे ‘जाहीर’ केलेले असतात, पण तळघरात, बंद पडलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटात! प्रत्येक तपशील आधीच्यावर कडी करतो, म्हणून हसू वाढत जातं. चित्रपटात हा संवाद बराच छाटला. अशा विनोदात मधली एखादी पायरी गाळली, तर माहिती उरते, विनोद उरत नाही.

मूळ म्हणजे नेमकं कोणतं?

पुस्तक तोंडपाठ असलेले चाहते प्रत्येक बदलावर बोट ठेवतात. पण रेडिओ, कादंबरी, १९८१ची दूरचित्रवाणी मालिका अशा प्रत्येक रूपात ॲडम्सनी स्वतःच गोष्ट बदलली. जॉन माल्कोविचने साकारलेला हुम्मा कवुला पुस्तकात नाही, तरी तो ॲडम्सनीच चित्रपटासाठी रचलेला आहे.

मग करायचं काय?

पटकथाकाराने प्रत्येक विनोद तीन खणांत टाकून पाहावा. प्रसंगातला विनोद थेट पडद्यावर जातो. आवाजातल्या विनोदाला योग्य नट लागतो: आकाशातून कोसळता कोसळता स्वतःशी बडबडणारा देवमासा चित्रपटातही हसवतो तो त्यामुळेच. केवळ वाक्यरचनेत असलेला विनोद मात्र पुस्तकातच ठेवावा आणि त्याच्या जागी पडद्याचा स्वतःचा नवा विनोद शोधावा. चाहते कुरकुरतील, पण अर्धवट उचललेल्या विनोदापेक्षा ते परवडलं.