मोठा कुत्रा घरातच शू करतो? रागावण्याआधी हे करा

पॉमेरेनियन, पगसारख्या लहान कुत्र्यांचे मूत्राशय लहान असते, त्यामुळे त्यांना वारंवार बाहेर न्यावे लागते. सवय असलेला कुत्रा अचानक घरात शू करू लागला, तर आधी पशुवैद्यकांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो.

आजार नसेल, तर उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्यापूर्वी त्याला ठरलेल्या जागी न्या. तिथे शू करताच लगेच खाऊ द्या. घरातले डाग एन्झाइम क्लीनरने पुसा. वास राहिला, तर तो पुन्हा तिथेच जातो. मारू नका. मारल्याने तो फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतो.

कंटाळून त्याला रस्त्यावर सोडणे हा उपाय नव्हे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.