अवरक्त किरणांचा पल्ला

चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या सिरुसेरी येथे सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या उत्तरार्धात व ऑगस्टच्या मध्यानंतर, थेट माथ्यावर येतो. दूरनियंत्रकाला मात्र माथ्यावरच्या सूर्याचा फारसा उपद्रव नसतो. पूर्वेच्या खिडकीतून तिरपे आत शिरणारे सकाळचे ऊन अधिक नडते. रात्री खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आज्ञा पाळणारे यंत्र अशा उन्हात जवळूनही दाद देईनासे होते. दोष सेलला दिला जातो. वस्तुतः प्रेषक पूर्वीइतकाच प्रकाश टाकीत असतो, डोळे दिपलेले असतात ते ग्राहीचे.

ही अडचण जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीने दूरचित्रवाणीसाठी प्रकाशझोताने चालणारे नियंत्रक विक्रीस आणले, तेव्हा ऊन पडताच संच आपोआप चाळवला जाई. पुढच्याच वर्षी कंपनीने श्रवणातीत ध्वनीचा आश्रय घेतला. कालांतराने प्रकाश परतला तो अदृश्य आणि लुकलुकता होऊन. प्रेषकातील डायोड सामान्यतः ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश सेकंदास सुमारे ३८,००० वेळा चालू-बंद करतो आणि ग्राही तेवढीच वारंवारता निवडून घेतो. ऊन लुकलुकत नाही, म्हणून ते गाळले जाते. पण त्यामुळे ग्राहीत माजणारा गोंगाट पुरता गाळता येत नाही. हवेतील बाष्प नेमके याच पट्ट्यातील ऊन काहीसे शोषून घेते, हे सुदैवच म्हणायचे.

पल्ला वाढविण्यासाठी डायोडची संख्या वाढविण्याचा मोह होतो. परंतु अंतर दुप्पट करावयाचे तर तीव्रता चौपट लागते. एकाऐवजी दोन डायोड लावून पल्ला जेमतेम १.४ पट होतो. त्यापेक्षा अरुंद झोताचा डायोड निवडावा, मात्र मग नेम नीट धरावा लागतो. प्रवाह क्षणिक पण जोरदार स्पंदांत द्यावा. थकलेला सेल असा झटका सोसत नाही, म्हणून डायोडलगत मोठे धारित्र जोडतात.

नवशिक्याची एक चूक विशेष आढळते: तो ३८,००० ची लुकलुक अखंड चालू ठेवतो. बहुतेक ग्राही अखंड लहरींना गोंगाट समजून आपली संवेदनक्षमता स्वतःच कमी करतात. संदेश तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विराम देऊनच पाठवावा लागतो. एवढे करूनही सकाळी पल्ला घटलाच, तर ग्राहीचे तोंड खिडकीकडून वळवावे, किंवा त्यावर काळ्या पुठ्ठ्याची आखूड नळी बसवावी.