बिलातील शुगरच्या तपासण्या : पक्षाघाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी व दात्यांसाठी

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना हिशेबाच्या खिडकीशी एक प्रश्न वारंवार विचारला जातो, "साहेब, आमच्या बाबांना शुगर नाहीच. मग बिलात शुगरच्या इतक्या तपासण्या कशा?" प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. एके वर्षी तपासणी-पट्ट्यांवरील खर्च वाढलेला पाहून मी स्वतः खरेदीच्या प्रस्तावावर हाच शेरा लिहून तो परत पाठविला होता. आमच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी त्या वेळी जे समजावून सांगितले, ते आपणासमोर ठेवीत आहे.

ज्याला आपल्याकडे लकवा म्हणतात, तो आजार केवळ शहरांचा आहे, असा समज बरीच वर्षे होता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा हा समज खोटा ठरला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे सातांतील एक मृत्यू, पक्षाघाताने झालेला आढळला. त्यांपैकी ८७ टक्के रुग्णांनी घरीच प्राण सोडला होता.

या आजाराचा साखरेशी काय संबंध? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, परंतु तो शरीराच्या ऊर्जेतील जवळजवळ पाचवा हिस्सा वापरतो आणि त्याच्याजवळ शिल्लक साठा नाममात्र असतो. रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली की शरीरावर मोठा ताण येतो, तणावाची संप्रेरके स्रवतात आणि यकृत रक्तात साखर सोडते. म्हणून मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर त्या दिवसांत वाढलेली असू शकते. प्राणवायूला मुकलेल्या भागात या जादा साखरेपासून आम्ल तयार होते आणि ज्या पेशी अजून वाचण्याजोग्या असतात, त्यांनाही इजा पोहोचते. दाखल होताना ज्यांची साखर वाढलेली असते, त्यांची सुधारणा सरासरीने कमी होते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. काही रुग्णांना तर आपणास मधुमेह आहे, हे याच वेळी प्रथम कळते.

याची दुसरी बाजूही आहे. साखर फार उतरली, तर एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे ही लकव्यासारखीच लक्षणे दिसू शकतात आणि साखर पूर्ववत होताच ती नाहीशी होतात. म्हणून रुग्ण येताच प्रथम बोटातून थेंबभर रक्त घेतले जाते.

मग इन्सुलिन देऊन साखर झपाट्याने खाली का आणू नये? अमेरिकेत १,१५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींची साखर ८० ते १३० मिलिग्रॅममध्ये काटेकोरपणे ठेवली, तर इतरांची १८०च्या आत. नव्वद दिवसांनंतर सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती; मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग केवळ काटेकोर गटात घडले. यास्तव साखर साधारण १४० ते १८०च्या दरम्यान राखणे, हा मध्यम मार्ग स्वीकारला जातो. तो राखावयाचा, तर पुनःपुन्हा मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

हे काम मुख्यतः परिचारिकांचे आहे. ऑस्ट्रेलियातील १९ रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात त्यांपैकी काही रुग्णालयांतील परिचारिकांनी ताप, साखर व गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर शिस्तीने लक्ष ठेवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नव्वद दिवसांनंतर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत ५८ टक्के होते, ते येथे ४२ टक्के राहिले. त्यासाठी नवे औषध लागले नाही की महागडे यंत्र लागले नाही.

नातेवाइकांना दोन विनंत्या आहेत. "ग्लुकोजची बाटली का लावत नाही?" असा आग्रह धरू नये. साखर उतरलेली नसताना ती बाटली हिताची नसते. तसेच घरी कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर तोंडात साखरपाणी वा चहा घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते फुप्फुसात उतरते. त्याऐवजी त्वरित १०८ क्रमांकावर कळवावे. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. अशा रुग्णांत तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी फसवी ठरू शकते. घरात सिकलसेल असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. घरी गेल्यावर भाताचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे आणि रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून कदापि बंद करू नये.

दात्यांच्या देणगीतून यंत्र आले, तर त्यावर नावाची पाटी लावता येते. तपासणी-पट्टीवर तशी पाटी लागत नाही. ती एकदा वापरून टाकून द्यावी लागते. तरीही रात्री दोन वाजता परिचारिकेच्या हाती ती पट्टी असणे, ही आपल्या देणगीचीच फलश्रुती आहे. मी परत पाठविलेला तो प्रस्ताव दुसऱ्यांदा आला, तेव्हा माझा शेरा खोडून, मंजुरीच्या शिफारशीसह मी तो विश्वस्त मंडळापुढे सादर केला.